पाण्याला टेकून

काठ

भाद्रपद सरत आला होता. वडगाव रासाईवरचं आभाळ घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं लख्ख होतं, आणि तरी भीमा भरून आली होती. पाऊस पडला होता तो दूर घाटात. इथल्या कुणाच्या अंगावर थेंब नव्हता. कधी न पाहिलेल्या गावचं पाणी न विचारता दारातून चाललं होतं. गढूळ, रुंद, आणि मधोमध अगदी मुकं. खळखळ होती ती सगळी कडेला. मध्ये काहीच ऐकू येत नव्हतं, आणि राहेलला भीती वाटली ती त्या मधल्या मुकेपणाची.

अलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा, पलीकडचा दौंडचा. तिला पलीकडं जायचं होतं, आणि आजच.

तिचा नवरा एलिया मास्तर गावातल्या मिशनच्या शाळेत शिकवायचा. गेल्याच्या गेल्या वर्षी तापानं गेला. शाळेनं माणुसकी धरून खोली तशीच राहू दिली, आणि त्या खोलीत दोन बायका राहिल्या : राहेल आणि तिची सासू कृपाबाई. आता दसऱ्याला नवा मास्तर बिऱ्हाड घेऊन यायचा होता. शिरूरच्या पाळकसाहेबांनी खटपट करून दौंडच्या रेल्वे दवाखान्यात आयाची जागा पाहिली होती, राहायला खोलीसकट. आज दुपारच्या आत मोठ्या सिस्टरपुढं उभं राहायचं. आज नाही तर जागा दुसरीला. पुण्याहून वळसा घातला असता तर आजचा दिवस गाडीतच मावळला असता.

पाळकसाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जरा खाली बघून. बाई एकटी हवी. मागं लटांबर नको.

राहेलनं ते सासूला सांगितलं नव्हतं. परवा ती नदी पार करून देणाऱ्या गेणबाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोशी, अनसाबाईशी बोलून आली होती. म्हातारी थोडे दिवस तुमच्या पडवीत राहील, घर लागलं की मी नेते. अनसाबाई बरं म्हणाली, पण म्हणताना तिनं राहेलकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. तेवढ्या वेळात दोघींनाही कळलं होतं, की घर कधी लागायचं नाही.

आज कृपाबाई काठापर्यंत पोचवायला म्हणून आली होती. काखेत तिचं स्वतःचं बोचकं होतं. पोचवायला येणाऱ्या माणसाला बोचकं कशाला, हे कुणी विचारलं नाही.


घोटा

गेणबा पिढीजात मेंढपाळ, पण आता शेतीला लागलेला. पाणी चढलं की तो गूळ करायची मोठी काहील नदीत लोटायचा आणि तिच्यात बसवून माणसं पार करायचा. परवा काहिलीचं बूड फाटलं. स्वतः त्याला आज पलीकडं जायचंच होतं, कारण मेव्हण्याच्या मेंढ्या एडक्याची वाट बघत होत्या. एडका बाभळीला बांधलेला होता आणि नदीकडं अशा नजरेनं बघत होता, की जणू हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय.

बाभळीखाली दगडांचा ढीग होता. वाटोळे, गुळगुळीत, डोईवर मावतील असे. एकावर कुणीतरी शेंदूर फासला होता.

गेणबा म्हणाला, चालत पार व्हायच्या उताराला कंबरभर पाणी हाय, खाली खडक हाय, माझ्या मागं मागं या. पण आधी ह्यातला एक धोंडा डोक्यावर घ्या.

राहेल शिरूरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. नदी तिनं पाहिली होती ती पुलावरून. तिची नजर शेंदरावर गेली आणि मन घट्ट मिटलं. नदीला नारळ देतात, ओटी भरतात, तसाच हाही काही प्रकार असणार असं तिनं धरलं. आम्ही नदीला काही देत नाही, मामा, असं तिनं शांतपणे सांगितलं. बोर्डिंगातल्या बाईंनी ऐकलं असतं तर त्यांना अभिमान वाटला असता, अशा शांतपणे.

गेणबाला काही उमगेना. तो सांगू लागला, की द्यायचा नाही, नुसता न्यायचा, पलीकडं ठेवायचा. पण तोपर्यंत राहेलनं आपलं गाठोडं त्याच्या पायाशी ठेवलं होतं, चपला काढल्या होत्या, लुगड्याचा काष्टा वर खोचला होता. जितकं हलकं तितकं बरं. हलकं ते तरतं आणि जड ते बुडतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

पाणी घोट्याशी गार लागलं. बरं वाटलं.


गुडघा

आणखी चार पावलं. गुडघ्यापाशी पाणी बोलायला लागलं. मग


मग पायाखालचा खडक कुणीतरी सतरंजी ओढावी तसा गेला. प्रत्यक्षात खडक तिथंच होता. गेली होती ती. पाण्यानं तिला उचललं, आणि उचलताना जराही जोर लावला नाही, हे तिला नंतर आठवलं तेव्हा अंगावर काटा आला. पान उचलावं तसं. तिच्या सबंध आयुष्याचं नदीच्या लेखी एवढंच वजन होतं.

तोंडात माती गेली. आभाळ आलं, गेलं. आणि मग बगलेत काहीतरी टणक अडकलं. गेणबाची काठी. वर टोकाला वाकडी, मेंढराचा पाय अडकवायची. त्यानं तिला मेंढरासारखीच ओढून कडेला घेतली. हात दिला नाही. त्या गावात हात द्यायची रीत नव्हती, आणि त्या घडीलाही ती रीत दोघांना पाठ होती.

वरून कृपाबाईनं ते पाहिलं होतं. ती म्हणाली, "काठीच दे बाबा. हात दिलास तर तुझा एडका बाटंल."

"एडका कशाचा बाटतुया, मावशी," गेणबा धापा टाकत म्हणाला. "आमची अनसा बाटती."


काठ

राहेल वाळूवर बसून खोकत होती. गेणबा ढिगातले दगड हातात घेऊन तोलत होता. आता तिच्या लक्षात आलं, की तो सोनारासारखा तोलतोय. एक उचलून ठेवला, दुसरा घेतला. तो बोलत होता ते अर्धं तिला, अर्धं दगडांना. वाहत्या पाण्यात हलकं माणूस उभं राहत नाही. पाय खडकावर दाबून ठेवायला वरनं काहीतरी लागतं. त्याच्या आज्याच्या वेळेपासून उतारावर हीच रीत, बारकी बाई असो की पोरगं. पलीकडच्या काठाला असाच दुसरा ढीग आहे. इथला दगड तिथं ठेवायचा, तिथून येणारा परत इथं आणतो. शेंदूर लावलाय तो कुणा सोपानरावानं, त्याची लेक एका पुरात सुखरूप पार झाली म्हणून. बाकी देवाचं त्यात काही नाही.

राहेलनं ढिगाकडं पाहिलं. म्हणजे हे दगड जागचे नव्हते. हे या नदीवरून माणसांच्या डोक्यावर बसून जात होते आणि परत येत होते, कोण जाणे किती पिढ्या. किती बायकांच्या केसांनी ते गुळगुळीत झाले असतील. आणि ती त्यांना देव समजून नाकारून बसली होती. तिला लाज वाटायला हवी होती. पण लाजेला जागाच उरली नाही, इतकं तिला नवल वाटत होतं.

कृपाबाई आपल्या बोचक्यावर बसून हे ऐकत होती. तिनं विचारलं, की सुनेला केवढा धोंडा लागेल.

गेणबानं राहेलला नखशिखांत पाहिलं, मेंढी विकत घेताना पाहावं तसं. म्हणाला, ह्या वाऱ्यावरच्या बाईला माणसाएवढा घेतला तरी चालंल. फकस्त हलता न्हाई कामाचा. घट्ट बसला पायजे.

"मग धोंडा कशाला," कृपाबाई म्हणाली. "मी हाय की. मी घट्ट बसते. हिलाच विचार, बारा वर्सं मानेवर बसले हाय."

गेणबा हसला, आणि मग त्याला दिसलं की म्हातारी हसत नाहीये.

राहेलनं मान वर केली. ती म्हणाली की आई, तुम्ही इथं अनसाबाईंकडं... आणि तिथंच थांबली.

"ठावं हाय मला," कृपाबाई म्हणाली. "हितं ठेवणार ती तिथं ठेव. पल्याड ढिगावर उतरव आन् तू तुझी जा. धोंड्याला कुणी इचारत न्हाई, तुला कुठं बसवू म्हणून."

बाभळीवर एक चिमणी सारखी ओरडत होती. नदी पुढं सरकत होती. सूर्य हातभर वर आला होता, आणि दौंडचा दवाखाना राहेलसाठी थांबणार नव्हता.

ती उठली आणि सासूसमोर पाठ करून वाळूत खाली बसली.


घोटा

म्हातारी खांद्यावर बसली, जत्रेत पोरं बसतात तशी, दोन पाय दोन बाजूंनी पुढं सोडून. लुगड्याचा काष्टा होता म्हणून बरं. आपलं बोचकं आणि राहेलचं गाठोडं तिनं आपल्या डोक्याला बांधलं. राहेल उठताना दोनदा बसली, आणि तिसऱ्यांदा उठली ती गुडघ्यांनी कुरकुर करत. अंगात दुसरंच हाड असावं तसं ते वजन मानेतून पाठीत, पाठीतून टाचांत उतरलं.

पुढं गेणबा. त्याच्या खांद्यावर एडका, चारी पाय छातीशी बांधलेले. एडका मागं वळून कृपाबाईकडं बघत होता. कृपाबाईही त्याच्याकडं बघत होती.

गेणबानं जाण्याआधी एक जादा काठी राहेलपुढं वाळूत रोवली आणि तीन गोष्टी सांगितल्या. तोंड पाण्याच्या येण्याकडं ठेवायचं, पलीकडच्या काठाकडं नाही. काठी पुढं, येत्या पाण्यात रोवायची आणि तिच्यावर रेलायचं. आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं, एक पाय उचलला की काठी आणि दुसरा पाय जागचे हलू द्यायचे नाहीत.

"आन् पाण्याशी भांडू नगा," तो म्हणाला. "त्येला टेका."

पाण्याला कुणी टेकतं का, असं राहेलच्या मनात आलं. पण आज सकाळपासून तिला ठाऊक असलेली एकेक गोष्ट वाहून चालली होती. ही आणखी एक.


गुडघा

मघाची जागा आली. इथंच खडक गेला होता.

पाणी तसंच आलं. त्याच ओढीनं, तसंच न विचारता. राहेलनं डोळे मिटले. पोटऱ्यांवर धक्का बसला. पाय हलले नाहीत.

तिनं डोळे उघडले. पाय हलले नव्हते. खडक तळव्याला खडबडीत लागत होता, त्याच्यावरचा एक कंगोरा अंगठ्याखाली स्पष्ट कळत होता. मघाशी हा कंगोरा इथंच होता आणि तिला कळला नव्हता. वर म्हातारीनं जड श्वास सोडला, आणि तो श्वाससुद्धा राहेलला टाचेत कळला.


मांडी

इथं खळखळ मागं राहिली. त्या मुक्या जागेची हद्द लागली.

तेवढ्यात कृपाबाई वरून बोलायला लागली. राहेलला आधी वाटलं, घाबरून बोलतेय. पण आवाज घाबरलेला नव्हता. जात्यावर बसलेली बाई दळता दळता बोलते तसा होता.

ती म्हणाली, की ही नदी तिनं एकदाच ओलांडली होती, मोठ्या दुष्काळात. तेव्हा पाणी नव्हतंच, नुसती वाळू होती. तिच्या बापानं तिला असंच खांद्यावर घेतलं होतं. आई आधीच वारली होती. बापाच्या पोटात काही नव्हतं, तरी तो सरळ चालत होता, एकदाही अडखळला नाही. शिरूरला मिशनच्या बंगल्याच्या पायरीवर त्यानं तिला उतरवलं. तिथं अन्न मिळत होतं, पोरं ठेवून घेत होते. मग तो वळला.

"आन् परत जाताना लडखडत व्हता," कृपाबाई म्हणाली. "दारू प्यालेल्या माणसावाणी. मी बघत व्हते. मी खांद्यावर व्हते तवर बरा चालत व्हता गं. उतरले आन् त्येचा पाय ठरंना."

राहेलनं काठी उचलली, पुढं रोवली, रेलली.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय. न्हाई आला."


कंबर

पाणी आता तिच्या पोटावर, बरगड्यांवर येत होतं. आणि इथं ते झालं.

तिनं काठी रोवली होती, तोंड नदीच्या येण्याकडं होतं. दोन गावांचं, चार गावांचं, ज्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती अशा डोंगरांचं पाणी तिच्यावर चालून येत होतं. ती पुढं झुकली. इतकी झुकली, की कोरड्या जमिनीवर तोंडावर आपटली असती. आणि पाण्यानं तिला धरलं.

भिंतीला टेकावं तशी ती पाण्याला टेकून उभी होती.

वरून म्हातारी दाबत होती, समोरून नदी ढकलत होती, खालून खडक रुतत होता. तिघंही तिला सोडायला तयार नव्हते. आणि त्या तिघांच्या मधोमध, जिथं तिला चिरडून जायला हवं होतं तिथं, ती आयुष्यात कधी नव्हती इतकी सरळ उभी होती. हे कसं झालं ते तिला कळेना. तिनं कळून घ्यायचंही सोडलं. नदीच्या मधोमध एवढी शांतता असते, आणि ती बाहेरून भीतीसारखी दिसते. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तिला जातं आठवलं.

एलियाला पुरून आल्यावर ती अंथरुणातच पडून होती. तिसऱ्या दिवशी पहाटे सासूनं तिच्या अंगावरची वाकळ ओढली आणि तिला जात्यावर बसवलं. ऊठ, पीठ नाही घरात. पुढं रोज तेच. ऊठ, दळ, झाड, प्रार्थनेला बस, डोक्यावर पदर घे, दिवे लागले की दार लाव. अख्ख्या गावानं हळहळ केली, राहेलला मऊ शब्द दिले, आणि ते शब्द हातात धरावेत तर निसटायचे. म्हातारीनं एकही मऊ शब्द दिला नाही. राहेलनं तिला त्यासाठी कधी माफ केलं नव्हतं. मनातल्या मनात ती तिला तुरुंग म्हणायची.

पण त्या दिवसांत ढकललं तर उलट ढकलणारी एकच गोष्ट होती घरात. जात्याची वरची तळी. दोन्ही हातांनी खुंटा धरून तिनं जीव खाऊन ती फिरवली होती. जातं जड होतं म्हणून ती बसल्या जागी राहिली होती. नाहीतर ती कुठं गेली असती, कुणास ठाऊक.

"थांबलीस का?" म्हातारीनं विचारलं.

राहेलनं पाय उचलला.


छाती

गेणबा पुढून ओरडला, की इथं खडकाला घळ आहे, दोनच पावलं, सांभाळा.

पाणी छातीला लागलं.

म्हातारीचे पाय पाण्यात गेले.

आणि वजन

हलकं झालं. राहेलला ते आधी मानेत कळलं. मान सुटली. मग पाठ. मग टाचा, ज्या टाचांना आता ते ओझं ओळखीचं झालं होतं, त्या वर यायला लागल्या. मघासारखंच. पान उचलावं तसं.

काठी थरथरली.

पाण्यानं तिला पुन्हा हलकं करायला घेतलं होतं.

"आई," राहेल म्हणाली. "दाबा."

म्हातारीला ऐकू गेलं नसावं. की गेलं, आणि खरं वाटलं नसावं.

"आई, दाबा मला."

मग दोन हात डोक्यावर आले. हाडकुळे, पिठाचे, जन्मभर दुसऱ्याला कामाला लावणारे हात. म्हातारीनं वरच्यावर पाय आखडून घेतले, पाण्याबाहेर काढले, सुनेच्या गळ्याशी मुडपले, आणि होतं नव्हतं तेवढं अंग खाली टाकलं.

"आणखी."

टाच
खाली
गेली.

खडक.

एक पाऊल.

काठी.

"आणखी दाबा."

"दाबते गं. दाबते."

दुसरं पाऊल.


कंबर, मांडी, गुडघा, घोटा

हे सगळं कधी झालं, राहेलला कळलं नाही. परत खळखळ ऐकू आली तेव्हा ती पलीकडच्या कडेला होती, आणि गेणबा एडक्याचे पाय सोडत होता. एडका उभा राहिला, अंग झाडलं, आणि एकदाही मागं न बघता गवताला लागला.


वाळू

दौंड तालुक्याच्या काठावरही बाभळच होती, आणि बाभळीखाली ढीग. हुबेहूब तसाच. राहेल त्याच्यापाशी जाऊन खाली बसली आणि कृपाबाई उतरली. उतरली ती थेट ढिगावरच बसली, शेंदूर नसलेला एक रुंद दगड बघून.

गेणबा म्हणाला, की धोंडा इथं ठेवायचा असतो, मागून येणाऱ्यासाठी, एवढीच रीत. हे म्हणताना तो थट्टा करत होता की आणखी काही, ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हतं. एडक्याला पुढं घालून तो वाटेला लागला, आणि जरा अंतरावर जाऊन थांबला. दौंडकडं जाणारी गाडी पुढच्या वस्तीवर मिळायची होती. तिथवर तो राहेलला सोबत करणार होता.

"जा," कृपाबाई म्हणाली. "उशीर हुईल. कुणीतरी अल्याडचं परत जाणारं आलं का मी त्येच्याबरोबर जाते. अनसाबाई पडवीत ठेवून घेईल. तू बोललीयस तिच्याशी."

ती हे रागानं म्हणत नव्हती. राहेलला राग झेपला असता. म्हातारी नुसती, पाणी उतरेल तेव्हा उतरेल अशा आवाजात बोलत होती. भरल्या नदीवरून तिला परत कोण नेणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

राहेलनं आपलं गाठोडं उचललं. दवाखाना. खोली. बाई एकटी हवी. ती वळली आणि चालायला लागली.

कोरडी वाळू. सपाट. ना ओढ, ना धक्का, ना वर काही, ना समोर काही. पहिलं पाऊल तिच्या अंदाजापेक्षा उंच पडलं. दुसरं भलतीकडं. तिसऱ्याला ती डावीकडं झोकांडली, हातानं हवा धरायला गेली, आणि हवेत धरायला काही नव्हतं. तिनं थांबून पाय रोवायचा प्रयत्न केला. पायांना जमीनच सापडेना. एवढी मोठी नदी सरळ उभं राहून ओलांडलेली बाई कोरड्या वाळूत लडखडत होती.

तिनं मागं वळून पाहिलं.

कृपाबाई ढिगावर उभी राहिली होती. तिचा हात तोंडावर गेला होता. ती सुनेच्या पायांकडं बघत होती, आणि तिचे डोळे तिच्या सुनेला बघत नव्हते. ते बंगल्याच्या पायरीवरच्या एका पोरीचे डोळे होते, आणि समोरून एक उपाशी माणूस चालला होता, दारू प्यालेल्यासारखा, आणि त्याला कुणीही हाक मारत नव्हतं.

म्हातारीच्या तोंडून आवाज निघाला नाही. तेव्हाही निघाला नसावा.

राहेल परत आली. येताना दोनदा गुडघ्यांवर पडली. ढिगापाशी आली, म्हातारीचं बोचकं उचलून आपल्या गाठोड्यावर बांधलं, आणि वाकून तिचा दंड धरला.

"चला, आई. गाडी चुकेल."

कृपाबाई खाली उतरली. निघण्याआधी फक्त ढिगावरचा, आपण बसलो होतो तो दगड हातानं पुसला, दुसऱ्याच्या घरचा पाट पुसून ठेवावा तसा.


दौंड

रेल्वे दवाखान्यातली मोठी सिस्टर उंच होती, आणि तिची टोपी मोडणारा वारा अजून जन्माला यायचा होता. तिनं राहेलला वजनकाट्यावर उभं केलं आणि काट्याकडं बघून ओठ आवळले. म्हणाली, इथं माणसं उचलावी लागतात, तुलाच कुणी उचलून न्यायची वेळ यायची.

मग तिनं वॉर्डात नेलं. खाटेवर एक थोराड बाई होती, मेलगाडीच्या ड्रायव्हरची आई, पाय मोडलेला. चादर बदलायची होती. सिस्टर हाताची घडी घालून उभी राहिली.

राहेल खाटेशी वाकली. फरशी गुळगुळीत होती, आणि नदीतून बाहेर आल्यापासून तिचे पाय कुठंच टिकत नव्हते. तिनं त्या बाईच्या पाठीखाली हात घातले. बाईनं तिच्या गळ्याला मिठी मारली आणि सगळी लोंबकळली.

वजन आलं. तसे पाय सापडले.

ती उठली, सरळ, हळू, आणि त्या बाईला तशीच धरून उभी राहिली. सिस्टरनं स्वतः चादर ओढली, स्वतः नवी घातली. त्यात बराच वेळ गेला. घाई कर असं राहेलच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात येऊन सिस्टरनं विचारलं, की मागं कुणी आहे का.

खिडकीतून फाटकापाशी कृपाबाई दिसत होती. दोन्ही गाठोड्यांवर बसून ती लुगड्याचा ओला पदर उन्हात धरून होती.

"आहे," राहेल म्हणाली. "सासू आहे."

सिस्टरनं त्या दिशेनं पाहिलं. म्हणाली, खोली एकीची आहे. अडचण होईल.

"होऊ दे, सिस्टर."

सिस्टर उद्या सकाळच्या पाळीला ये म्हणाली, आणि वॉर्डात निघून गेली.

राहेल पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीला पाय पुन्हा डळमळला, आणि तिनं कठडा धरला. रुळांवर कुठंतरी इंजिन वाफ सोडत होतं. फाटकापाशी ती म्हातारीसमोर जाऊन उभी राहिली.

म्हातारीनं पदर खोचला, सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उठण्यासाठी सगळा भार त्या हातावर टाकला.

राहेलचे पाय जमिनीवर बसले.